भीतीची गाठ

ज्याचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत त्याचे नाव आधी लिहितो. नामदेव. माझा थोरला भाऊ.

मूलजवळच्या एका खेड्यात आमचे घर आहे. तळ्यात जाळे टाकायचे, मासोळी बाजारात न्यायची आणि हंगामात लोकांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला जायचे, यावर आमच्या ढिवरांच्या घरांचे चालते. वडील अचानक गेले तेव्हा भाऊ चौथी शिकून पाचवीत गेला होता आणि मी पहिलीत. त्यानंतर शाळेत मी एकटाच गेलो. तो आधी तळ्यावर आणि पुढे मूलच्या राइस मिलमध्ये हमालीला लागला. मी बी.एस्सी. झालो त्या दिवशी त्याने मिलमधल्या सगळ्या हमालांना चहा पाजला आणि त्यांच्यासमोर मला विचारले, "झुलाजी म्हंजे काय बे?"

मी म्हणालो, "प्राण्यांचा अभ्यास."

"मासोळीचाही?"

"हो."

"मंग मले काऊन नाई देल्ली बे डिग्री?"

हमाल खूप हसले. भाऊही हसला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि ती पदवी माझ्या नावावर असली तरी ओझे त्याच्या पाठीवर होते, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होते.

हा अनुभव मी लिहितो आहे तो अशा घरांसाठी, जिथे कोणाला मधूनच दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, हात पांढरे पडतात आणि घरचे म्हणतात, भित्रा आहे. मलाही तसेच म्हणत. मीही तेच मानत होतो.

*

बी.एड. झाल्यावर मला गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलात एका आश्रमशाळेत विज्ञान शिक्षकाची नोकरी मिळाली. तिकडची नेमणूक म्हणजे शिक्षा, असे लोक बोलत. त्या दिवसांत रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली तरी लोक गप्प होत, आणि जंगलातली माणसे गावात येऊन गेली तरी गप्प होत. दोघेही मास्तराला एकच विचारत, परवा कोण आले होते? मास्तर म्हणे, मी वर्गात होतो साहेब. दोघांनाही हे उत्तर आवडत नसे.

पहिला झटका आला तो प्रार्थनेच्या वेळी. खडू खाली पडला म्हणून वाकलो आणि उठलो तोवर डोके ठणकू लागले. छातीत कोणी आतून दार ठोठावावे तसे झाले. सदरा पाठीला चिकटला. वाटले, आपण आता मरणार. चुलीवरचा चहा उकळायला लागेल तेवढ्या वेळात सगळे निघून गेले आणि मी ओल्या कपड्यांत उभा राहिलो. समोर मुले रांगेत उभी होती. फाटकापाशी पोलिसांची गाडी थांबलेली होती.

गाडी थांबलेली होती, म्हणून सगळ्यांना कारण सापडले. मलाही.

मुख्याध्यापक मडावी सर त्याच भागातले, मनाने चांगले, पण जिभेला लगाम नसलेले. म्हणाले, "भेव तं आमालेही लागते सर. पण आमी इतका घाम नाई काढत."

पुढे झटके वाढले. गाडी आली तेव्हा आले, गाडी नसताना आले, हँडपंपावर बादली उचलताना आले, जेवून पालथा पडलो तेव्हाही आले. मडावी सर म्हणू लागले, "पोलीस आला तं कापता, बकरी आली तं कापता. तुमाले इथी कोनं धाडलं?" मुलांनी माझे नाव थरथरे गुरुजी ठेवले. ते मला ऐकू येत होते आणि ऐकू येते हे त्यांना माहीत होते.

आमच्या भागात घाम आणि थरथर म्हटले की आधी मलेरिया धरतात. आरोग्यसेवक प्रत्येक वेळी बोटाला सुई टोचून रक्त घेई, त्यात काही निघत नसे, तरी गोळ्या देई. त्या कडू गोळ्या मी किती गिळल्या असतील! मग गावच्या पुजाऱ्याने कोंबडे मागितले. तेही दिले. त्याने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला की या गुरुजीच्या मागे काही नाही, तो स्वतःलाच भितो. शाळेत ही गोष्ट पसरली आणि माझी उरलीसुरली पतही गेली.

माझी बायको रेखा तेवढी म्हणे, "तुम्ही झोपले असले तरी येते. झोपेत कोनाले भेता?" मी तिच्यावर चिडायचो. भित्रेपणाची मला लाज वाटत होती, पण त्या लाजेची सवयही झाली होती. ती सवय सोडायची तर पुढे काय निघेल, याचीही धास्ती असावी.

*

निदान झाले ते मी दवाखान्यात गेलो म्हणून नव्हे. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी गडचिरोलीला गेलो होतो आणि एस.टी. स्टँडवर चक्कर येऊन पडलो. लोकांनी ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेले. तिथे डॉ. रामटेके होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातल्या, धान पिकवणाऱ्या घरातून शिकून आलेल्या. त्यांनी मला टेबलावर झोपवले आणि पोट दाबून पाहू लागल्या. बेंबीच्या डाव्या बाजूला त्यांची बोटे खोल गेली आणि झटका आला.

आजवर झटका आला की माणसे माझ्यापासून दूर सरकत. काही जण तोंड फिरवून हसत. या बाईंनी हसण्याऐवजी माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. फुगवला. पाहिले. परत फुगवला.

"सिस्टर, दुसरं मशीन आना."

दुसरे मशीन आणले. त्यातही तेच दिसले असावे, कारण त्या एकदम हळू बोलू लागल्या. "सर, कवापासून होते हे?"

"मॅडम, मी थोडा भित्रा आहे."

"कोनं सांगितलं तुमाले?"

"सगळेच सांगतात."

"भित्र्या मानसाचं बीपी इतकं नाई चढत. इतकं चढलं तं डोक्यातली नस फुटते. तुमची अजून फुटली नाई, हे नशीब समजा."

सोनोग्राफीत पोटाच्या मागच्या बाजूला, मोठ्या रक्तवाहिनीला लागून एक गाठ दिसली. लिंबाएवढी. भीतीच्या वेळी शरीरात जे पाणी सुटते, तेच ही गाठ स्वतःच्या मनाने रक्तात सोडते, एवढे त्यांनी मला सांगितले. कॅन्सर आहे का, असे मी विचारले. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "काढल्याशिवाय नाई समजत." मग म्हणाल्या, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. आता कोनालेही पोट दाबू देऊ नोका. आणि ही गाठ हाये हे सांगितल्याबिगर कोनाकडून भूल घेऊ नोका. साधा दात काढायलाही नाई."

मग विचारले, "घरात कोनी असंच अचानक गेलं का?"

माझ्या वडिलांना हायड्रोसील होते. आमच्याकडे ते पुष्कळांना असते. गावच्या शाळेत ऑपरेशनचे शिबिर लागले तेव्हा ते इतरांबरोबर गेले आणि टेबलावरच गेले. साध्या ऑपरेशनमध्ये माणूस मेला म्हणून लोकांनी डॉक्टरच्या गाडीवर दगड मारले. तो डॉक्टर पुन्हा कधी आमच्याकडे दिसला नाही. माय आजही त्याला शिव्या देते. हे सांगता सांगता मला दुसरेच काही आठवले. ओले जाळे ओढताना वडील मधेच तळ्याच्या पाळीवर बसून जात. तोंड पांढरे, अंग घामाने निथळलेले. बायका धावत येऊन त्यांना हळद-कुंकू लावत आणि पाया पडत. सगळे म्हणत, याच्या अंगात देव येतो.

वडिलांना जे झाले ते देव ठरले आणि मला जे झाले ती भीती ठरली.

डॉ. रामटेकेंनी सोनोग्राफीचा कागद घडी करून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "आता कोनी सांगू शकनार नाई. पन त्या डॉक्टरची चूक नसेलही. त्याले दिसलंच नसेल."

*

ऑपरेशनसाठी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले. भाऊ मिल सोडून सोबत आला. माय पण आली आणि वॉर्डाच्या पायरीवर बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "याच्या बापाले कापलं, आता याले कापून राह्यले."

भाऊने तिला उठवले. "माय, तेवा कोनाले मालूम नव्हतं. आता मालूम हाये. मालूम असलेला साप चावते का?"

"चावतेच," माय म्हणाली.

"चावते, पन आपन हातात काठी घेऊन जातो ना." मग त्याने संमतीच्या कागदावर अक्षर जुळवत सही केली. सही करताना जीभ बाहेर निघाली होती. नर्स हसली, तर तिला म्हणाला, "बाई, माझी सही दोन वर्साची हाये, अजून चालाले शिकून राह्यली."

लगेच कापत नाहीत. आधी काही आठवडे गोळ्या देऊन रक्तदाब बांधून आणतात, आणि तोवर मीठ भरपूर खायला आणि पाणी भरपूर प्यायला लावतात. गोळ्यांनी नाक चोंदायचे, उठून उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधार. दिवसरात्रीची लघवी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमा करून तपासणीला द्यायची होती. तो कॅन हातात धरून मी वॉर्डात फिरायचो. शेजारच्या खाटेवर जिवतीच्या डोंगरातला एक म्हातारा होता. तो मोठ्याने म्हणायचा, "मास्तर, मोहाची गाळून राह्यले का? आमालेही चाखू द्या." हसताना पोट हलते आणि झटका येईल, म्हणून मी दात आवळून हसायचो. एका सकाळी त्याला ऑपरेशनला नेले. संध्याकाळी त्या खाटेवर दुसरा माणूस होता. म्हाताऱ्याची वहाण मात्र दोन दिवस खाटेखाली होती.

खरी भीती मला तिथे कळली. तिला घाम नव्हता, धडधड नव्हती. ती हळू येऊन उशाशी बसायची आणि उठायचे नाव घ्यायची नाही. रेखाच्या मांडीवर मुलगा होता, तो माझ्याकडे पाहून हसायचा आणि मी भिंतीकडे तोंड करायचो.

ऑपरेशनचे मला काही आठवत नाही. गाठीला हात लागताच रक्तदाब वर उडाला, आणि गाठ बाहेर आल्यावर इतका खाली गेला की सगळे धावपळ करू लागले, हे नंतर सांगितले. भाऊ दारापाशी उभा होता. आत कोणी मोठ्याने बोलले की तो पटकन बसायचा, आवाज थांबला की उठायचा.

शुद्धीवर आलो तेव्हा टाके दुखत होते. पण छातीत शांत होते. इतकी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मी रडलो. नर्सने विचारले, फार दुखते का? मी नकारार्थी मान हलवली.

गाठ साधी निघाली. निदान तेव्हा तरी.

*

बरा झाल्यावर तपासणीला गडचिरोलीला गेलो तेव्हा मी डॉ. रामटेकेंना विचारले, "मॅडम, ही गाठ माझ्यातच का?" मी झुलाजीचा म्हणून त्यांनी मला टाळले नाही. गर्दी संपल्यावर बसवून घेतले. त्या आईबरोबर रोवणीला गेलेल्या होत्या, म्हणून सांगायलाही त्यांना धानच सुचला.

आईच्या पोटात गर्भ अगदी इवलासा असतो तेव्हा त्याच्या पाठीच्या रेषेवर काही पेशींचे पऱ्हे उगवते. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपे, जसे टाकलेल्या जागी राहत नाही, उपटून दुसरीकडे रोवतात, तशा या पेशीही राहत नाहीत. तिथून निघतात आणि शरीरभर चालत जातात. त्यातल्या काही पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ पोचतात. तिथे त्यांना इशारा मिळतो. तो मिळाला की पेशीच्या आत काही प्रथिने कामाला लागतात. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात त्यांना. ती जनुकांवर जाऊन बसतात, कोणते जनुक वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे ते ठरवतात. एक दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. मॅश, फॉक्स, हँड, गाटा अशी त्यांची नावे आहेत. हा क्रम पार पडला की ज्या पेशीला आपण कोण होणार हे ठाऊक नव्हते, ती अनुकंपी चेतासंस्थेची पेशी होते. छाती धडधडवणारी, घाम आणणारी, पळायला लावणारी. त्याच पऱ्ह्यातल्या काही पेशी चेतातंतू न होता ग्रंथीत बसतात आणि भीतीचे पाणी थेट रक्तात सोडतात. माझी गाठ त्या भावंडांपैकी होती.

"म्हणजे माझ्यात हा क्रम चुकला?" मी विचारले.

"नाई ना सर. क्रम बरोबर चालला. म्हून तं ती गाठ आपलं काम इतकं पक्कं करत होती. शिकली सगळं, थांबायचं तेवढं नाई शिकली. ते दुसऱ्याच कोन्या जनुकाचं बिघडलं असेल. घराण्यात असू शकते."

त्यांनी आणखी एक सांगितले. या क्रमात मॅश नावाचे जे प्रथिन लवकर येते, ते आपले काम झाले की गप्प होते. तयार झालेल्या पेशीत शोधले तर बहुधा सापडत नाही. पण ते आले नसते तर पुढच्यांना अडखळावे लागले असते. मला भाऊ आठवला, आणि मी ते त्यांना सांगितलेही. त्या म्हणाल्या, "त्याले घेऊन या तपासायला."

*

मी सरळ मिलमध्ये गेलो. दुपारची वेळ. भाऊ पाठीवर धानाचे पोते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होता. पोते टाकले, खाली आला आणि भिंतीला टेकून बसला. तोंड राखेसारखे. बोटांची टोके पांढरी. बनियनमधून पाणी गळत होते.

एक हमाल म्हणाला, "नामदेवले ऊन लागलं."

मिलच्या आत ऊन नव्हते.

मी त्याला तळ्याच्या पाळीवर नेले आणि सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "पोरीचं, वर्षाचं, लगन जमलं हाये."

"मग?"

"मंग काय? त्या कोपऱ्यावरच्या घरची पोट्टी, तिचं जमलेलं मोडलं. काऊन? तिच्याजवळ सिकलसेलचं कार्ड निंगालं. आता लोकं कुंडली नाई इचारत, रगत इचारतात."

"भाऊ, हे सिकल नाही."

"गावाले काय समजते? रगतातली बिमारी म्हंजे सिकल. घराण्याची हाये म्हनलं का मंग पोरीलाही हाये."

"फक्त लघवी तपासायची आहे रे."

"लघवी तपासली का कागद निंगते. कागद निंगला का गावाले मालूम." तो उठला. "लगन होऊ दे. मंग तू म्हनशील तिथी येतो. मले कापा, चिरा, मासोळीसारखं साफ करा."

वर्षा त्याची एकुलती एक मुलगी. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती चहा घेऊन आली, आणि ती घरात असेपर्यंत भाऊ माझ्याशी फक्त पावसापाण्याचे बोलला. वहिनी समोर, माय समोर. बोलायला जागाच नव्हती. म्हणून शाळेत परत गेल्यावर मी पत्र लिहिले आणि गडचिरोलीला जाणाऱ्या माणसाजवळ टाकायला दिले.

पत्र पोचले. वर्षाने पाहिले होते. एरवी आलेले पत्र तो तिच्याकडून वाचून घेई. हे त्याने पाळीवर बसून स्वतः वाचले, बोट ठेवून, दुपारभर. मग घडी करून खिशात ठेवले आणि जाळे दुरुस्त करायला बसला. तिने विचारले, काकाचे काय? म्हणाला, "बरा हाये तो. आपल्याला बोलावून राह्यला. लगनानंतर जाऊ."

लग्न जवळ आले असताना ट्रक भरता भरता त्याने दोन्ही हातांनी डोके धरले. मूलच्या दवाखान्यात नेईपर्यंत बोलत होता. "मायले सांगू नोका," एवढे दोनदा म्हणाला. तिथून चंद्रपूरला न्यायला निघाले, पण तो पोचला नाही. डोक्यातली नस फुटली, असे सांगितले.

लग्न पुढे ढकलले. वर्षाने मुलाकडच्यांना स्वतः निरोप पाठवला की आमच्या घराण्यात असा आजार आहे, तपासून घेते, मग ठरवा. काही दिवस उत्तर आले नाही. मग मुलाचा म्हातारा आजा आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आमच्या घरी सिकलचे दोन कार्ड हायेत. आमी तुमाले सांगितलं नव्हतं. तुमची एक लघवी. जमते."

माय आत बसली होती. ती इतक्या मोठ्याने रडली की म्हातारा घाबरून उभा राहिला.

वर्षाच्या तपासणीत काही निघाले नाही. मला आणि माझ्या मुलाला मात्र तपासणीला जात राहावे लागते. दर वेळी अहवाल हातात येईपर्यंत छाती धडधडते, साध्या माणसाची धडधडते तशी. घरात कोणाला असे झटके येत असतील तर झटका चालू असतानाच रक्तदाब मोजून घ्या, आणि घरातल्या बाकीच्यांचाही. मला सांगण्यासारखे एवढेच आहे.

भाऊच्या खिशातले पत्र वर्षाने मला परत दिले. घामाने काही अक्षरे पसरली आहेत. ती मला पाठ होती, म्हणून जसेच्या तसे उतरवले आहे.

*

तीर्थरूप भाऊस,

सा. न. वि. वि.

हे पत्र वर्षाला वाचायला देऊ नको. तूच वाच. मी अक्षर मोठे काढले आहे.

तुझ्यापुढे मला नीट बोलता आले नाही. तू मिलमध्ये भिंतीला टेकून बसलास तेव्हा मी तुझे हात पाहिले. ते माझेच हात होते. मी कितीतरी वर्षे त्या हातांना भित्र्याचे हात समजत होतो. तू ऊन समजतोस. बाबाला लोक देव समजले. भाऊ, ऊन नाही, देव नाही. आपल्या पाठीच्या आत एक गाठ असते आणि ती काढता येते. माझी काढली. तू दारापाशी उभा होतास.

तू भितोस असे मी म्हणत नाही. तू तुझ्यासाठी भीत नाहीस हेच मला ठाऊक आहे. तू वर्षासाठी थांबला आहेस. पण ती गाठ लग्नाची तारीख पाहून थांबणार नाही. तुला मंडपात काही झाले तर त्या पोरीने आयुष्यभर काय आठवायचे?

लोकांचे मी पाहतो. मूलला जाऊ नको, तिथे तुला सगळे ओळखतात. गडचिरोलीला ये. कोणी विचारले तर सांग, बाळ्याची तब्येत बिघडली, पाहायला चाललो. माझे नाव आधीच खराब आहे, त्यात आणखी काय बिघडणार? मुलाकडच्यांच्या कानावर गेले तर मी स्वतः त्यांच्या घरी जाईन आणि सांगेन की आजार माझा आहे. मॅडमना सांगून ठेवले आहे. त्या आपल्याकडच्याच आहेत, तू बोललास तर त्यांना समजेल. त्या तुला कापणार नाहीत. कापायचे ठरले तरी आधी गोळ्या देतात, घाई करत नाहीत. तोवर पोते उचलू नको. मालकाला काही सांग, कंबर धरली म्हणून सांग. आणि कोणत्याही शिबिरात, कोणत्याही कारणाने, टेबलावर झोपू नको.

मायला सांगू नको. वहिनीला सांग. एकट्याने ठेवू नको.

सोमवारी सकाळची पहिली गाडी धर. डब्बा आणू नको, रेखा करते. पहिली चुकली तर दुसरीने ये, दुसरी चुकली तर तिसरीने. मी स्टँडवर असेन. गाडी लागली की शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी दाराकडे पाहत राहीन.

तुझा,
बाळ्या